आल्डरच्या चार काठ्या

प्रिय सेरेनस,

मिठाचा व्यापारी यंदा लवकर परत फिरतोय, म्हणून घाईघाईने लिहायला बसले. समोर नदीवर असं धुकं उतरलंय की पलीकडचा काठ कुणी पुसून टाकलाय असं वाटावं. बदकांचे आवाज येतात, बदकं दिसत नाहीत. अशा सकाळी मला नेहमी वाटतं, तू पलीकडेच कुठेतरी उभा आहेस आणि धुकं उठलं की हाक मारशील. मग धुकं उठतं आणि पलीकडे कुणाच्या तरी गाई चरत असतात. लिहायला कातडं मिळेना, तेव्हा बाबांच्या जमिनीचे जुने करार खरवडून घेतले. रागावू नकोस. त्यातल्या अर्ध्या जमिनीत आता फ्रँकांचा सातू उभा आहे, आणि उरलेली अर्धी आपल्याला ओळखते, तिला करार दाखवावा लागत नाही.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, कान मात्र तिखट. तुझं मागचं पत्र तिने माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतलं की आता मी चुकले तर तीच दुरुस्त करते. तू तिकडे दक्षिणेत मासिलियाला गॉथांच्या पोरांना व्याकरण शिकवतोस, हे ती भेटेल त्याला सांगते. मी म्हणते, वा, फ्रँकांच्या हातून सुटलास आणि गॉथांच्या दारात मास्तर झालास, आगीतून फुफाट्यात. त्यावर ती म्हणते, "फुफाट्यात का होईना, ऑलिव्हचं तेल तरी मिळत असेल माझ्या लेकराला." तिचा सगळा जीव त्या तेलात. आपल्याकडे आता तेल येत नाही. रिकामा बुधला तिने उशाशी ठेवलाय, कधीमधी बूच काढून हुंगते आणि परत लावते. लोण्यात शिजवलेलं खायची नाही असा तिचा पहिल्या वर्षी हट्ट होता. आता खाते, पण नाक मुरडून.

रोममध्ये सम्राट उरला नाही, ही बातमी आमच्याकडे फार उशिरा आली, तीही एका सुया विकणाऱ्या बाईकडून. तिने मधेच सांगितली, सुयांचं मोल करता करता. आमचे म्हातारे पाद्री अजून दर रविवारी सम्राटासाठी प्रार्थना म्हणतात. नावाच्या जागी आले की खोकतात आणि पुढे जातात. सगळ्यांना तो खोकला पाठ झालाय, आता लहान मुलंही तिथे आल्यावर खोकतात. हसू येतं, आणि नंतर घरी येताना बाबा आठवतात. ज्याच्या नावाने बाबांनी जन्मभर शपथा घेतल्या, कर भरले, पूल बांधले, त्याच्या जागी एक खोकला उरला.

दर पत्रात तू शेवटी एकच विचारतोस, मी परत येऊ शकेन का, आणि मी दरवेळी सफरचंदांचं पीक कसं आलं ते लिहिते. आज सरळ लिहिते. तू येऊ शकत नव्हतास, कारण तुझ्या बाणाने मेलेल्या त्या फ्रँकाच्या, रागिमुंडच्या, रक्ताचा सूड त्याच्या माणसांनी सोडला नव्हता. तू या काठावर पाय ठेवला असतास तर त्यांच्या रीतीप्रमाणे त्याच्या सख्ख्या भावाला तुला मारावंच लागलं असतं, आणि तो भाऊ, सेरेनस, फार लांब नव्हता. तो आपल्याच घराच्या पश्चिमेकडच्या खोल्यांत राहतो. पत्रांतून मी ज्याला 'पलीकडचे' म्हणत आले, तो हाच. त्याचं नाव लेउडिन. थांब, पत्र खाली ठेवू नकोस, पुढचं वाच.

तो हिवाळा तुला आठवतोच. रोमची शेवटची पलटण निघून गेली होती, माझा ठरलेला नवरा तिच्याबरोबर गेला आणि त्याच्याकडून पुढे नमस्कारही आला नाही. मग नदीवरून फ्रँकांच्या होड्या आल्या. रागिमुंड आपल्या चार-सहा माणसांसह दाराशी आला तेव्हा आई एकटी पुढे गेली, मी तिच्या मागे उंबऱ्यात, आणि तू धान्याच्या माळ्यावर बाबांचं शिकारीचं धनुष्य घेऊन. तो काहीतरी बोलला, आपल्याला कळलं नाही. मग त्याने तलवार उपसली. आईपासून दोन हातांवर एक तरुण फ्रँक नंगी तलवार घेऊन उभा, यावरून कुणीही जे समजलं असतं तेच तू समजलास. तुझा बाण गळ्याखाली लागला. त्यांनी त्याला उचललं, आमच्याकडे बघितलंही नाही, गाई हाकलल्या आणि गेले. त्यांच्यात सूड बायकांवर घेत नाहीत हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. तू मात्र संध्याकाळपर्यंत नदी ओलांडून गेला होतास, आणि आईने देवाचे आभार मानले.

लेउडिन आला तो पुढे कितीतरी दिवसांनी, जेव्हा फ्रँकांच्या राजाच्या माणसांनी घरं आणि जमिनी वाटून दिल्या. त्याने हे घर मागून घेतलं होतं. त्याला लॅटिन येत होतं, पण ते तो आपल्या रोमन छावणीत शिपायांकडून शिकलेला, त्यामुळे आईला पहिल्या दिवशी त्याने अत्यंत आदराने जी हाक मारली ती मी इथे लिहू शकत नाही. आईचे कान लाल झाले. नंतर तिने त्याला बसवून शिकवलं, "हे बैलाला म्हणायचं, हे सासूला, आणि हे कुणालाच नाही." पण त्या पहिल्या दिवशी हसायला वेळ मिळाला नाही. कारण त्याने दारात उभं राहून तलवार उपसली. आई किंचाळली. त्याने तलवार आडवी धरली, डावा तळहात पात्यावर ठेवला आणि काही शब्द बोलला. मग मोडक्या लॅटिनमध्ये म्हणाला, "घाबरता कशाला? आमच्यात शब्द देताना लोखंडाला साक्षी ठेवतात. या घरातल्या बायकांना माझ्याकडून भय नाही. खोटं बोललो तर हेच लोखंड मला लागो."

आईने वळून माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडेच बघत होते. कारण रागिमुंडचंही अगदी तसंच होतं, तसाच आडवा धरलेला हात, तोच तळहात पात्याकडे जाणारा. आम्ही दोघींनी ते पाहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ कळला नव्हता. आई म्हणाली, "म्हणजे तो पोरगा... तो शब्द देत होता?" लेउडिनने तलवार म्यान केली. मग म्हणाला, "तो माझा थोरला भाऊ. आमच्या माणसांनी मला सांगितलं होतं, शपथ घेताना मारला. मला खरं वाटत नव्हतं. शपथ घेणाऱ्याला कोण मारेल?" आईने पदराने तोंड झाकलं आणि त्या परक्या मुलासाठी अशी रडली, जशी बाबांसाठीही रडली नव्हती.

हे मी तुला कळवलं नाही, कारण आईने शपथ घातली. "एवढ्या लांब एकटा आहे, हे घेऊन तो झोपेल कसा?" म्हणाली. आज तिनेच सांगितलं, लिही. बाळा, तू आईला वाचवायला बाण सोडलास. मी त्या माळ्यावर असते तर मीही सोडला असता. पण तो आपल्याला मारायला आला नव्हता. हे तुला कळायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

तेव्हापासून या घरात तुझी वाट पाहणारी दोघं झाली, मी आणि तो, कारणं वेगळी. वसंतात रस्ते वाहते झाले की त्याचा मामा हाडेरिक यायचा, घोड्यावरूनच ओरडायचा, "रोमन आला का रे? का अजून बायकांची मेंढरंच राखतोयस?" लेउडिन म्हणायचा, "आला की दिसेल." मग दोन दिवस मी त्याच्या ताटात मुद्दाम कमी वाढायची. असा माझा सूड. तो ते हसून खायचा.

मला नक्की कधी काय झालं ते सांगता येत नाही. एकदा आईने ताप उतरताना म्हटलं, मरायच्या आधी एकदा गरम पाण्यात पाय सोडून बसायचंय, पूर्वीसारखं. आपलं स्नानगृह तुला आठवतं ना? तिथे आता पावसाचं पाणी साचतं, शेवाळं आहे, एक बदकीण दरवर्षी अंडी घालते. लेउडिनने काही न बोलता जमिनीखालचे धुराचे मार्ग उपसायला घेतले. आठवडाभर उपसत होता. घुबडाचं घरटं निघालं, तुझी हरवलेली चामडी चप्पल निघाली. मग एका दुपारी त्याने भट्टी पेटवली. धूर भलत्याच भेगांतून वर यायला लागला, बदकीण शिव्या घालत उडाली, आणि हळूहळू, सेरेनस, भिंती गरम झाल्या. मी गाल लावून पाहिला. इतक्या वर्षांनी त्या भिंतीला ऊब होती, कुणी झोपेतून जागं होत असल्यासारखी. पाण्यावरून वाफ उठली, तिच्यातून छतावर रंगवलेले निळे मासे दिसेनासे झाले, आणि आई पाय सोडून बसली ती लहानपणीचं गाणं गुणगुणायला लागली. बाबा कुठेत, विचारलं. मी म्हटलं, कपडे बदलतायत. ती म्हणाली, "त्यांना सांग, पाणी छान आहे." दारात लेउडिन उभा होता, काजळीने तोंड काळं, फक्त डोळे दिसत होते. त्याला गाण्याचे शब्द कळत नव्हते. तो रडत होता.

मला तो आवडतो. हे लिहायला सोपं जाईल वाटलं नव्हतं, पण गेलं. माझे केस पिकायला लागलेत, त्याच्या दाढीत वाळलेलं गवत अडकलेलं असतं, तो घोरतो ते मधल्या भिंतीतून मला ऐकू येतं आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी मला झोप लागत नाही. पाद्री म्हणतात, आधी त्याला पाण्यात बुडवा, देवाचा करा, मग बघू. आई म्हणते, बुडवायचंच तर भट्टी पेटवा, थंड पाण्यात नको.

आणि याच वसंतात हाडेरिक आला तो वेगळाच हुकूम घेऊन. दक्षिणेकडचा रस्ता आता मोकळा झालाय, रोमन मास्तर कुठल्या शहरात आहे ते एका व्यापाऱ्याने सांगितलंय, तर लेउडिनने वाट बघणं बंद करावं आणि तिकडे जावं. मी स्वयंपाकघरात होते. हातातल्या ईल माशावरून माझी सुरी घसरली. लेउडिन म्हणाला, "सभेत सांगतो."

त्यांची सभा टेकडीवर भरते, उघड्यावर. आईने हट्टाने गाडी जुंपायला लावली आणि उशी घेऊन आली, जणू नाटक बघायला. लेउडिन पहाटे पाणथळीत जाऊन आल्डरच्या चार काठ्या तोडून आला होता. आल्डरचं लाकूड तुला माहीत आहे, तोडताना पांढरं असतं आणि बघता बघता लाल होतं. मला वाटलं, काठ्या कशाला? आजूबाजूच्या फ्रँकांना मात्र दिसताच कळलं. बायकांनी मुलांना जवळ ओढलं. हाडेरिक ओरडला, "टाक त्या खाली! रोमन बाईच्या झग्यामागे लपायला निघालास का?" लेउडिन मधे जाऊन उभा राहिला. एकेक काठी डोक्यावर दोन्ही हातांनी धरून त्याने मोडली आणि चार दिशांना तुकडे फेकले. म्हणाला, "माझ्या कुळाच्या शपथेत मी नाही. त्यांच्या वारशात मी नाही. त्यांनी सांडलेल्या आणि त्यांच्या सांडलेल्या रक्तात मी नाही." लाल ढलप्या त्याच्या केसांत पडल्या होत्या. एक तुकडा आमच्या चाकाजवळ आला. आई उचलायला वाकली, तर शेजारची फ्रँक म्हातारी घाईने म्हणाली, "हात लावू नकोस गं बाई, त्यात माणूस तुटलाय."

कुळाला न सोडता सूड नाकारला असता तर तो नामर्द ठरला असता. असा नाकारला, तर तो कुणाचाच उरला नाही. सभेच्या म्होरक्याने हाडेरिकला विचारलं, आता रोमनावरचा सूड तुझ्याकडे येतो का? म्हातारा थुंकला. "सूड सख्ख्या भावाचा. त्याने तो चिखलात टाकला, मी चिखलात हात घालणार नाही. मेला तो रोमन माझ्यापुरता." म्होरक्याने तीनदा विचारून सगळ्यांना ऐकवलं. तेव्हा तुझ्यावरचा सूड संपला, सेरेनस. माझ्या कानांनी ऐकलं. पण हाडेरिक पुढे म्हणाला, "आणि हासुद्धा मेला. उद्या कुणी याला वाटेत कापला तर जाब विचारायला आमच्यातला एकही येणार नाही." खरंच तसं आहे. त्यांच्यात माणसाला जिवंत ठेवतं ते त्याच्या मागचं कुळ. परवा त्याचा बैल दिवसाढवळ्या नेला. काल कुणीतरी कुंपणावरून दगड मारला, कपाळाला खोक पडली. मी ती धुताना तो गंमत करत होता, "बघ, आता मी अगदी स्वस्त झालोय." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याच पाठीला डोकं लावून रडले.

आता हे सगळं का लिहिलं ते. पानगळीच्या सभेपर्यंत कुणा घराने त्याला आपला म्हटलं तर तो त्या घराचा होतो आणि त्याला हात लावणाऱ्याला ते घर जाब विचारू शकतं. नाही म्हटलं तर तो रानातल्या लांडग्यासारखा, कुणीही मारावा. आपला म्हणायची त्यांची रीत अशी, की घरच्या कर्त्या पुरुषाने सभेत स्वतःच्या हाताने त्याच्या केसांची एक बट कापायची. त्यानंतर तो रक्ताचा. आई म्होरक्याला म्हणाली, "मी कापते की, घर माझंच आहे." तो म्हणाला, "आजी, तुम्ही फार तर शेळी कातरा." आपल्या घरात पुरुष एकच आहे, आणि तो मासिलियाला पोरांकडून क्रियापदं घोकून घेतोय. मी लेउडिनला विचारलं, ज्या हाताने तुझा भाऊ मारला तोच हात चालेल का? तो म्हणाला, "तोच पाहिजे. दुसऱ्याने कापले तर नुसते केस कापले जातील." मग मी विचारलं, सगळ्यांसमोर सेरेनसच्या पुढ्यात गुडघे टेकायचे, मान उघडी टाकायची, आणि त्याच्या हातात लोखंड, तुला भीती नाही वाटत? तो धुक्याकडे बघत होता. म्हणाला, "भीती त्यालाच वाटेल. मागच्या वेळी त्याने लांबून मारलं होतं. या वेळी त्याला जवळ यावं लागेल." ये, सेरेनस. पानं गळायच्या आत ये.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच थोरली,
रुस्तिका